निळ्या ठिगळाचं शीड

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात जाळी विणणारी एक बाई राहत होती. तिचा नवरा गलबतावर खलाशी होता आणि त्यांना एकच मुलगी होती, शेवंती. पोर भारी बोलकी. शाळेतून आली की पाटी खाली ठेवायच्या आधीच तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, तो भाताचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत थांबायचा नाही.

त्या गावात एक रीत होती. माणूस दर्यावर गेला की परत येईपर्यंत घरात त्याचा विषय काढायचा नाही. काढला तर त्याची वाट लांबते, असं जुनी माणसं म्हणत. कुणी कधी पडताळून पाहिलं होतं, देव जाणे. पण ज्याचं माणूस पाण्यावर आहे, तो अशी रीत मोडायला धजत नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि शेवंतीच्या बापाचं गलबत गेलं. होळीला येतो म्हणाला होता. होळी उलटली तरी त्याचा पत्ता नाही. बाई मनातल्या मनात झुरायची, वरून मात्र मूग गिळून जाळी विणत बसायची. शेवंतीचं बोलणंही हळूहळू आटत गेलं. विचारलं तर "काही नाही" एवढंच म्हणायची. बाईला नवऱ्याची आठवण येत होतीच, आता समोर बसलेल्या लेकीचीही येऊ लागली.

एके दिवशी पाणवठ्यावर कुणीतरी सांगितलं की पंतोजींनी शेवंतीला खिडकीपासून उठवून भिंतीकडे तोंड करून बसवलंय. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेक का गप्प झाली ते तिला आता समजलं, निदान तिला तसं वाटलं. शाळा हाकेच्या अंतरावर होती, पण शाळेत जाईल तर शपथ. तिथेच घागर टेकवून तिने पंतोजींचा उद्धार केला. बायका घागरी घेऊन घरी गेल्या आणि घागरीबरोबर ते बोलणंही घरोघर गेलं. पंतोजींच्या कानावर पोचेपर्यंत त्याचं "यांना शिकवता येत नाही, हे पोरांना छळतात" असं झालं होतं.

पंतोजी घाटावरून आलेले, एकटे आणि भिडस्त. त्यांनी धसकाच घेतला. आणखी बोभाटा नको म्हणून शेवंतीला काही विचारायचंच त्यांनी सोडून दिलं. तिला पाढा म्हणायला सांगत नसत, की कविता म्हणायला. मग एका सकाळी शेवंतीने पाटी कोनाड्यात उलटी ठेवली.

"आये, मी आता शाळेत नाही जायची," ती म्हणाली. "तिथं मी नसले तरी चालतं."

बाईने पदर खोचला आणि ती तडक निघाली. शेजारणी म्हणाल्या, थांब, आम्हीही येतो, चांगली खरडपट्टी काढू. पण त्यांच्यासाठी थांबायलाही तिला धीर नव्हता. वाटेभर ती शब्दांना धार लावत गेली.

शाळा अजून भरायची होती. पंतोजी चटया अंथरत होते. तिला पाहताच ते हातातली चटई तशीच धरून उभे राहिले आणि घाईघाईने म्हणाले, "बाई, मी तिला रागावलो नाही हो. आता तर मी तिला काही विचारतसुद्धा नाही."

बाई जागच्या जागी थबकली. समोरचा माणूस तिला घाबरला होता, आणि ही भीती आपणच पाणवठ्यावरून धाडली आहे, हे तिला कळलं. भांडायचंच असतं तर ती त्या घडीला सहज जिंकली असती. पण जिंकून लेकीचा आवाज घरी नेता येणार नव्हता. गुंतलेलं जाळं ओढलं की गाठ आणखी आवळते, हे तिच्या बोटांना रोजचंच होतं. ती चटईवर बसली.

"भांडायलाच आले होते, पंतोजी," ती म्हणाली. "तुमच्याकडे यायचं सोडून गावभर बोलले, ते माझं चुकलं. पण मला एवढं सांगा, माझी पोर इथं कशी असते? घरी तिचा आवाज ऐकायला माझा जीव आसुसलाय."

पंतोजीही तिच्यासमोर बसले. पोर हुशार आहे, ते म्हणाले, पण होळीपासून तिचं लक्ष सारखं खिडकीबाहेर. येणारे पाढेही चुकायला लागले, म्हणून जागा बदलली. तेव्हाच आपण घरी येऊन विचारायला हवं होतं, हेही त्यांनी कबूल केलं.

"काय बघायची ती?" बाईने विचारलं.

"खाडीचं तोंड. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, निळ्या ठिगळाचं शीड दिसतंय का बघते. मला वाटलं, पोरखेळ आहे."

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते ठिगळ तिनेच लावलं होतं, आपल्या जुन्या निळ्या लुगड्याचं, गलबत निघायच्या आदल्या दिवशी. शेवंती शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. पंतोजींना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि कळणार तरी कसं? ज्याचा विषयच काढायचा नाही, त्याच्याबद्दल परगावच्या माणसाला सांगणार कोण?

मग बाईने रीत मोडली. शेवंतीचा बाप कधी गेला, कधी यायचा होता, पोरीला खांद्यावर बसवून तो धक्क्यावर कसा न्यायचा, सगळं तिने सांगितलं. पंतोजी मान खाली घालून ऐकत राहिले. मग दोघांनी मिळून ठरवलं. शेवंतीची चटई पुन्हा खिडकीपाशी आली. शीड दिसलं की तिने खुशाल उठून बघावं आणि मग परत धड्याकडे यावं. घरी काय करायचं, ते बाईने स्वतःच ठरवलं.

त्या संध्याकाळी तिने विणायचं जाळं बाजूला सारलं आणि विचारलं, "शेवंते, तुझा बाप आज कुठवर आला असेल गं?"

पोर आईच्या तोंडाकडे बघतच राहिली. मग आईच्या मांडीत तोंड खुपसून पोटभर रडली आणि रडता रडता बोलायला लागली. इतके दिवस साचलेलं सगळं बाहेर आलं. भात थंडगार झाला तरी तिचा पट्टा चालूच होता, आणि आई ऐकत होती.

गलबत त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वाट होती तेवढीच लांब राहिली. पण शेवंती पाटी घेऊन शाळेत जाऊ लागली. शीड दिसलं की उठून बघायची, निळं ठिगळ नसलं की परत बसून पुढचा पाढा म्हणायची. आणि शाळा सुटल्यावर खिडक्या लावताना पंतोजीही घटकाभर थांबत आणि खाडीच्या तोंडाशी निळं ठिगळ शोधत.

तात्पर्य: लेकराचं अर्धं मन घराला दिसतं, अर्धं शाळेला. गावभर बोलून त्यातलं काहीच हाती लागत नाही. समोर बसून एकमेकांना विचारलं, तर सगळं लेकरू उमगतं.