भिंतीला टेकवलेली बॅटरी

"दिवसाढवळ्या बॅटरी कशाला, उस्ताद?"

भागवतनं विचारलं, आणि विचारताना तो हसलाही.

हसण्यासारखंच होतं. सोमवारची सकाळ, अकरा वाजलेले. दोन्ही खिडक्यांतून ऊन आत आलेलं. समोरची भिंत पांढरीशुभ्र. खोट काढायची कुणाची टाप नव्हती.

बाशुमियाँनी खिशातून दोन सेलांची जुनी बॅटरी काढली आणि तळहातावर दोनदा आपटली. आपटल्याशिवाय ती लागत नसे.

बाशुमियाँ म्हणजे उदगीरचे पुट्टीचे मिस्त्री. खरबरीत गिलाव्यावर पुट्टी, म्हणजे रंगाआधीचा पांढरा लेप, ओढायची, घासायची आणि भिंत गालासारखी मऊ करायची, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. भागवत ठोंबरे त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होता. त्याचा हात चलाख होता, आणि जीभ हाताच्या दोन पावलं पुढं.

या मिस्त्री लोकांची एक रीत होती. शिकणाऱ्यानं स्वतःच्या नावावर काम घ्यायचं नाही. उस्तादानं आपला झिजलेला पत्रा, म्हणजे पुट्टी ओढायची ती पातळ पोलादी पट्टी, त्याच्या हातात ठेवायची. त्या दिवसापासून तो मिस्त्री. तोवर पोऱ्याच, मग घरी त्याची स्वतःची दोन पोरं का असेनात.

भागवतची दोन होती.

आणि आता एका शाळेच्या अकरा खोल्यांचं काम त्याच्यासाठी खोळंबलं होतं. शाळावाल्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं.

"एक भिंत एकट्यानं कर," उस्ताद म्हणाले होते. "मी हात लावणार न्हाई. मग बघू."

ती ही भिंत. सिस्टरबाईंच्या नव्या घरातली, बाहेरच्या खोलीतली.

सिस्टरबाईंनी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. राहिल्या सगळ्या क्वार्टरांत, पोपडे निघालेल्या भिंतींकडे बघत. हे त्यांचं पहिलं स्वतःचं घर. शुक्रवारी त्या राहायला येणार होत्या. पण धीर कुठला निघायला? रोज एकेक डबा, एकेक पातेलं घेऊन त्या येतच होत्या. भागवतची भिंत पाहून त्या म्हणाल्या होत्या, "अरे बाबा, हिच्यावर खिळा ठोकायचं पाप माझ्याच्यानं होणार नाही."

भागवतला आणखी काय हवं होतं?

बाशुमियाँनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. मग भिंतीजवळ गेले, बॅटरीची कड भिंतीला टेकवली आणि उजेड भिंतीच्या अंगावरून आडवा सोडला.

भागवतचं हसू जागच्या जागी विरलं.

भिंतभर लाटा होत्या. इथं खळगा, तिथं उंचवटा. प्रत्येक उंचवट्याच्या मागं सावली. जिथं त्यानं पत्रा उचलून परत टेकवला होता, तिथं तिथं रेघ. नुकतं नांगरलेलं रान दिसावं तशी ती भिंत दिसत होती.

"आता समोरून," बाशुमियाँ म्हणाले, आणि त्यांनी बॅटरी भिंतीवर समोरून मारली.

भिंत पुन्हा गुळगुळीत.

"आता आडवी."

लाटा...

"ही बॅटरीची करामत झाली, उस्ताद! अशी आडवी मारली तर काचबी खडबडीत दिसंल. घरात कोण मारणार हाय अशी बॅटरी?"

"भिंत झाली म्हणून कोण म्हणालं?"

"मी."

बाशुमियाँनी बॅटरी विझवली, खिशात टाकली आणि ते चहा प्यायला निघून गेले.

आता या बॅटरीचंही थोडं सांगायला हवं. ती कुणाच्या तरी लग्नात मिळालेली. बटण ढिलं, त्याला रबर गुंडाळलेलं. पण बाशुमियाँ तिच्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसत. घरी खाटेखाली लोटलेली चप्पल तिनंच सापडायची. कामावर पाण्याच्या टाकीत तळाला गाळ किती, हे तिनंच कळायचं. वीज गेली की त्यांची बिबी तिच्याच उजेडात भाकरी उलटायची. एकदा बिदरच्या एसटीत एका म्हाताऱ्याची कवळी सीटखाली गेली, तेव्हा अख्खी बस थांबवून बाशुमियाँनी ती शोधून दिली होती. म्हातारा तोंड न उघडता दुवा देत राहिला. अशी ती सगळ्यांच्या उपयोगाची बॅटरी भागवतला मात्र त्या दिवशी वैरीण वाटली.

पण भागवत हार मानणारा नव्हता. ही गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायलाच हवी. तो दुपारी जेवायला घरी गेला नाही. उस्ताद चहा पिऊन आले, तेव्हा तो भिंतीला नाक लावून उभा होता.

"शुक्रवारपर्यंत हिच्यात एक लाट ठेवणार न्हाई," तो म्हणाला. "ठेवली तर पत्रा मागणार न्हाई."

"बरं," बाशुमियाँ म्हणाले.

मंगळवारी भागवतनं बाजारातून स्वतःची बॅटरी आणली. चार्जिंगची, उस्तादांच्या बॅटरीच्या चौपट उजेडाची. ती आडवी मारली आणि जिथं सावली पडेल तिथं पेन्सिलीनं गोल काढला. तासाभरात भिंतीवर शंभरावर गोल झाले. त्यानं एकेक खळगा भरला, एकेक उंचवटा घासला. संध्याकाळी पुन्हा बॅटरी मारली.

मोठ्या लाटा गेल्या होत्या. त्यांच्या जागी लहान लाटा दिसत होत्या.

"उस्ताद, ह्या काल नव्हत्या!"

"हुत्या," बाशुमियाँ म्हणाले.

बुधवारी त्यानं खिडक्यांना गोणपाट बांधलं. बाहेर लख्ख ऊन आणि आत हा अंधार करून बॅटरी घेऊन बसलेला. घरभर पांढरी धूळ उडाली. सिस्टरबाईंची पातेली पांढरी झाली, खुद्द सिस्टरबाईही झाल्या. त्यांनी चहाचा कप भागवतच्या पायाशी ठेवला. तासाभरानं त्यावर साय नव्हे, पुट्टी धरली होती.

"पोरा, जेवून तरी घे," त्या दारातून म्हणाल्या.

"झालंच, सिस्टरबाई. उजेडातनं सरका जरा."

त्या सरकल्या.

त्याच्या बोटांची कातडी पॉलिश पेपरनं सोलून निघाली. त्यानं फडकं बांधलं आणि घासत राहिला. बाशुमियाँ उपड्या बादलीवर बसून सगळं बघत होते. अधूनमधून सुपारी कातरत होते. चूक म्हणाले नाहीत, शाबास म्हणाले नाहीत. त्या गप्प बसण्याचा भागवतला इतका राग आला की तो आणखी जोरात घासू लागला.

गुरुवारी सकाळी व्हायचं तेच झालं. घासता घासता पुट्टीचा थरच संपला. भिंतीच्या ऐन मध्यावर हातभर जागेत खालचा करडा गिलावा उघडा पडला.

भागवतच्या हातातला पॉलिश पेपर गळून पडला.

बाशुमियाँ उठले. त्यांनी त्या करड्या जागेवर आपला पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवून उभे राहिले, दुखऱ्या गुडघ्यावर ठेवावा तसा. मग पुन्हा बादलीवर जाऊन बसले.

भागवतला रडू यायचं बाकी होतं. पण रडण्याऐवजी त्याला भलतीच गोष्ट सुचली. शेजारची खोली उस्तादांनी स्वतः केली होती. तिथली भिंत पाहावी. ती एकदा डोळ्यांत साठवली की आपल्याला काय गाठायचं ते कळेल.

तो त्या खोलीत गेला. सिस्टरबाई कोपऱ्यात बसून डब्यांवरची धूळ पुसत होत्या. त्यांना ओलांडून तो भिंतीपाशी गेला, खिडकी ओढून घेतली आणि आपली चौपट उजेडाची बॅटरी उस्तादांच्या भिंतीला टेकवली.

मग ती खिडकीपासून दारापर्यंत सरकवत नेली.

परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सहा वर्षं ज्या हाताकडे बघून तो शिकला, त्या हाताची ती भिंत होती. आपण पाहिलं ते बोलावं की गिळावं, हेच त्याला कळेना.

"उस्ताद..."

"बोल."

"तुमच्या भिंतीतबी लाटा हायेत."

"हायेत."

"तुम्हाला ठावं हुतं?"

"खिडकीखाली तीन. दाराजवळ एक, मोठी. ती दुपारच्याला पडली. खांदा दुखत हुता."

भागवत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिथं ओशाळलेपण कुठंच नव्हतं. सुपारी कातरणं चालूच होतं.

"चाळीस वर्सांत एक तरी भिंत बिनलाटेची झाली?"

बाशुमियाँनी अडकित्ता खाली ठेवला. ते खरोखर आठवू लागले. एकेक घर, एकेक खोली. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले...

"न्हाई," ते म्हणाले. "एक मशिदीतली वाटली हुती. पर तीबी न्हाई."

मग त्यांनी पिशवीत हात घातला. पत्रा बाहेर काढला. चाळीस वर्षांत तो झिजून निम्मा झाला होता, आणि मुठीच्या लाकडात अंगठ्याची खोबण पडली होती. त्यांनी तो भागवतपुढं धरला.

"घे."

भागवत दचकला. "माझी भिंत झाली न्हाई, उस्ताद."

"माझीबी."

भागवतचा हात आपसूक पुढं गेला. सहा वर्षं तो याच क्षणासाठी जगला होता. घरी बायकोला सांगायचं, शाळावाल्यांना उद्या होकार द्यायचा, पोरांनी शाळेत सांगायचं की आमचा बाप मिस्त्री आहे. बोटं मुठीला लागलीसुद्धा.

आणि त्यानं हात मागं घेतला.

"नको."

बाशुमियाँची मान पहिल्यांदाच वर झाली.

"शाळेच्या अकरा खोल्या," भागवत म्हणाला. "चव्वेचाळीस भिंती. समोरनं बघितलं तर सगळ्या पहिल्याच दिवशी झाल्या म्हणायच्या. आडवं बघितलं तर त्यातली एकबी जन्मात व्हायची न्हाई. सोमवारी मी लवकर थांबलो, ते चुकलं. आज थांबलोच न्हाई, तर खालचा गिलावा निघाला. हात शिकवलात तुम्ही मला, उस्ताद. कुठं थांबायचं ते न्हाई शिकवलं. ते कळल्याबिगर हा पत्रा घिऊन मी काय करू? सांगा. सांगितल्याबिगर मी इथनं उठणार न्हाई. उद्या शाळा गेली तर जाऊ दे."

आणि तो खरंच खाली बसला. धुळीत, मांडी घालून, आपली बॅटरी बाजूला ठेवून.

बाशुमियाँ त्याच्याकडे बघत राहिले... सहा वर्षांत त्यांनी या पोराकडे इतका वेळ कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

शेजारच्या खोलीत सिस्टरबाई डबे लावत होत्या. एक डबा ठेवायचा, दोन पावलं मागं येऊन बघायचं, पुन्हा उचलून दुसरीकडं ठेवायचा, असं त्यांचं चाललं होतं. स्वतःशीच काहीतरी गुणगुणतही होत्या.

बाशुमियाँनी थोडा वेळ तो आवाज ऐकला. मग हलकेच त्या बाजूला मान वळवली आणि म्हणाले,

"ही भिंत दिसणार ती बॅटरीत न्हाई, घरच्या दिव्यात. दिवेलागणीला सिस्टरबाई तो दिवा कुठं ठिवणार, ते इचारलंस का त्यांना?"