पाचव्या रेघेवरचा शिंपला

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, एक विचारते. घरातून निघताना आपण कुठे जातो आहोत, हे तुम्ही खरं सांगता ना? लगेच उत्तर देऊ नका. आधी ही गोष्ट ऐका.

किती पिढ्या लोटल्या कोण जाणे, तेव्हाची ही गोष्ट. एका खाडीच्या मुखाशी शिकाऱ्यांची लहानशी वस्ती होती. आत दूरवर तिवरांची बेटं होती आणि त्या बेटांवर रानबदकं उतरत, रानडुकरं चरायला येत. तिथवर पायवाट नव्हती. मोठी नाव तिवरांच्या मुळांत अडकून बसे. म्हणून प्रत्येक शिकाऱ्याजवळ एकट्यापुरती अरुंद होडी असे. भरतीच्या पाण्यावर आत जायचं आणि ओहोटी जोर धरायच्या आत परत यायचं, असा त्यांचा दिवस.

खाडीला पाच फाटे होते. धक्क्यावर एक सपाट काळा दगड होता आणि त्यावर पाच रेघा कोरलेल्या होत्या. शिकाऱ्याने निघताना आपल्या खुणेचा शिंपला त्या त्या फाट्याच्या रेघेवर ठेवायचा आणि परत आल्यावर उचलून घ्यायचा. ओहोटी लागली तरी ज्याचा शिंपला दगडावरच राही, त्याला शोधायला होडी निघे. पहिली होडी त्याच्या घरच्या माणसाची, अशी वाडवडिलांची रीत होती.

त्या वस्तीत एक तरुण शिकारी होता. आईबाप लहानपणीच गेले म्हणून मामा-मामींनी त्याला वाढवलं होतं. सगळी वस्ती त्याला भाचाच म्हणे. वल्हं धरायला मामानेच शिकवलं, फासे लावायलाही मामानेच. पण भाच्याच्या हाताला यश नव्हतं. तो बहुतेक वेळा रिकामाच परते.

“आज काय आणलंस रे?” शिकारी विचारत.

“चिखल,” दुसरा कोणी उत्तर देई. “मामीला अंगण सारवायला.”

भाचा हसून घेई, पण ते शब्द त्याच्या मनात काट्यासारखे राहत.

एके दिवशी पहिल्या फाट्यात त्याला एक घळ सापडली. पहिला फाटा सर्वांत जवळचा. तिथे फक्त खेकडे मिळत, म्हणून शिकारी तिकडे फिरकत नसत. घळीचं तोंड वेलींनी झाकलेलं होतं. भरतीलाच होडी कशीबशी आत सरके. बराच वेळ वल्हवल्यावर एक तळं लागलं, आणि ते तळं बदकांनी भरलेलं होतं.

त्या दिवशी भाच्याची होडी भरून आली. धक्क्यावर तेव्हा कोणी नव्हतं, पण आता सगळे विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. उद्या दहा होड्या तिथे येतील आणि आपण पुन्हा चिखलच आणू, असं त्याला वाटलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने शिंपला पाचव्या रेघेवर ठेवला.

पाचवा फाटा भोवऱ्याचा होता. ओहोटीला तिथलं पाणी खडकांवर आपटून गरगर फिरे. तिकडे कोणी जात नसे, म्हणजे आपलं खोटं पकडायलाही कोणी जाणार नाही, असा त्याचा हिशेब.

वस्ती चकित झाली. “भोवऱ्यानं भाच्याला जावई करून घेतलेलं दिसतंय,” लोक म्हणू लागले. “रोज पाहुणचार होतोय.” आता त्या चेष्टेत मान होता.

मामाला मात्र घास गोड लागेना. एका संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, “बाळा, तो भोवरा तू ओलांडतोस तरी कसा? माझं आयुष्य गेलं या पाण्यात. मला नाही जमलं.”

भाच्याने ताटातून वर पाहिलं नाही. “उजव्या काठाला धरून जायचं, मामा. काठाशी पाणी शांत असतं.”

“असं होय?” मामा म्हणाला. मग मामीकडे वळला, “ऐकलंस? पोरगं माझ्या पुढे गेलं.”

त्याच्या डोळ्यांत कौतुक होतं. खरं सांगून टाकावं, असं भाच्याला त्या क्षणी वाटलं. पण कौतुक गोड होतं आणि घास तोंडात होता. तो घास गिळून भाचा उठला.

चार दिवसांनी भाचा तळ्यावर जरा जास्त रेंगाळला. परत येताना घळीच्या तोंडाशी पाणी उतरलेलं होतं आणि होडी तिथेच चिखलात बसली. घाबरण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळची भरती आली की होडी आपोआप उचलली जाणार होती. त्याने भाकरी खाल्ली, सावलीला होडीतच आडवा झाला, आणि त्याला झोप लागली.

इकडे धक्क्यावर ओहोटीने जोर धरला. पाचव्या रेघेवरचा शिंपला तसाच होता.

मामाने आपली होडी पाण्यात ढकलली.

“मामा, थांबा जरा,” एक शिकारी म्हणाला. “पाणी ओसरू दे, मग आपण सगळेच जाऊ.”

“तोवर त्यानं काय करायचं?” मामा म्हणाला. “आणि घाबरताय कशाला? उजव्या काठाला पाणी शांत असतं. माझा भाचाच सांगतो.”

मामीने भाकरी फडक्यात बांधून आणली होती. पोर सकाळपासून उपाशी असेल, म्हणाली. मामाने ते गाठोडं होडीच्या फळीला घट्ट बांधलं. मग रीतीप्रमाणे त्याने आपला शिंपला दगडावर ठेवला. पाचव्या रेघेवर, भाच्याच्या शिंपल्याला अगदी लागून.

दिवेलागणीला भाचा परतला. होडी भरलेली होती. धक्क्यावर सगळी वस्ती उभी होती. पाचव्या फाट्याकडे गेलेल्या होड्या हाका मारमारून रिकाम्याच परत आल्या होत्या.

पहिल्या फाट्याकडून येणारी त्याची होडी मामीने पाहिली. ती पाण्यात दोन पावलं पुढे आली.

“कुठे होतास?” तिने विचारलं.

भाच्याची नजर दगडाकडे गेली. पाचव्या रेघेवर दोन शिंपले होते.

“मामी, मी पहिल्या फाट्यात होतो. रोज तिथेच जात होतो.”

“आणि उजव्या काठाचं?”

“ते मी मनानंच सांगितलं.”

मामी त्याला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने त्याचा शिंपला उचलून त्याच्या हातात दिला. मामाचा शिंपला होता तिथेच राहू दिला आणि ती दगडापाशी बसली. भाचाही तिच्याजवळ बसला. होडीतल्या बदकांना कोणी हात लावला नाही.

त्या घळीची वाट भाच्याने पुढे साऱ्या वस्तीला दाखवली. तळं एवढं मोठं होतं, की ते सगळ्यांना वर्षानुवर्षं पुरलं.

म्हणून सांगते, बाळांनो: आपलं खोटं अनोळखी माणूस तपासून पाहतो, पण आपल्यावर जीव असलेला माणूस त्याच्याच भरवशावर पाण्यात उतरतो.

दगडापाशी ती रात्र सरली, तेव्हा सकाळच्या भरतीच्या पाण्याबरोबर मामाची होडी एकटीच धक्क्याला लागली, आणि फळीला बांधलेलं भाकरीचं गाठोडं तसंच होतं.