जनरल कागेयामा आणि शिनकिचीची आई

“पोटात तलवार खुपसून मानानं मरू, की शत्रूच्या कोर्टापुढं कैदी म्हणून उभा राहू? गुरुजी, तुम्हीच सांगा.”

जनरल कागेयामा मठाच्या पायरीवर ताठ बसला होता. लहानपणी तो इथंच गेनशो गुरूंच्या हाताखाली वाढला. कोळसेवाल्याचा हा पोरगा पुढं सेनापती झाला. त्यानं शहरांमागून शहरं जिंकली, वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग जंगलातल्या एका मोहिमेत अख्खी फौज संपली. देशही हरला. आता जेत्यांचे शिपाई त्याला धरायला निघाले होते.

गुरू जेवणासाठी बागेतले मुळे धूत होते.

“मी कुणापुढं झुकणार नाही,” कागेयामा म्हणाला. “मरणाला मी भीत नाही.”

“ठाऊक आहे. फाटकाशी एक बाई बसलीय. तिचा मुलगा तुझ्या फौजेत होता. तो कसा मेला, तेवढं तिला सांगून ये.”

“सरकारी पत्र गेलं असेल तिला.”

“गेलंय.”

कागेयामा उठला. तोफांपुढं न डगमगलेला हा माणूस, पण ते अंगण त्याला संपता संपेना.

बाई ना उठली, ना वाकली.

“शिनकिची माझा. नदीकाठच्या पलटणीत होता.”

कागेयामाला ती पलटण आठवली. तिनं तीनदा माघारीची परवानगी मागितली होती.

“तो शूरासारखा लढताना…”

“ते यात लिहिलंय.” तिनं पत्र त्याच्या पायाशी टाकलं. “खरं सांगा.”



“उपाशी मेला,” तो म्हणाला. “धान्य संपलं होतं. ते माघार मागत होते. मी नाही म्हटलं.”

तिनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

“त्या दिवसांत तुम्ही काय खात होतात?”

“…भात.”

बाई उठली. पत्र तिथंच टाकून, मागं वळूनही न बघता रस्त्याला लागली.

कागेयामा परत आला, बूट काढून पायरी चढला. त्यानं कमरेची तलवार सोडून गुरूंपुढं ठेवली. त्याचा आवाज आता चढला होता.

“सांगितलं तिला! सगळं सांगितलं! आता तरी मला मरायची मोकळीक आहे ना?”

गुरूंनी ओले हात पुसले. पायरीखालचे त्याचे बूट उचलून त्याच्यासमोर नीट मांडले.

“डोंगरापलीकडं आणखी एक गाव आहे. तिथंही आया वाट बघतायत,” ते म्हणाले. “आत्ता निघालास, तर उजेड असेतो पोचशील.”