घडीच्या पंख्यावरचे बगळे

फार पूर्वी लुमाजी चिताऱ्याच्या घरी घडीचा एक कोरा पंखा होता. "घड्यांवर चित्र मोडतं," म्हणत लुमाजी त्याला चुलीत घालायला निघाला. भिंतीवरचं मोठं चित्र खुदकन हसलं.

पंख्याच्या काड्या थरथरल्या. तरी तो म्हणाला, "धनी, एकेका घडीवर एकेक बगळा काढून बघा. नाही जमलं, तर जाळा."

लुमाजीनं पहिल्या घडीवर पाण्यात उभा बगळा काढला, दुसरीवर पंख उचलणारा, पुढे उंच उंच जाणारे. रंग वाळल्यावर त्यानं पंखा सावकाश उघडला, तसा अख्खा थवा उडाला.

"अहो, पुन्हा उघडा," बायको चंद्रभागा पिठाच्या हातांनीच धावत आली.

पंखा मिटला, उघडला. दर खेपेला बगळे आधीपेक्षा उंच गेले.