पहिल्या तिघांतला एक

दामोदर खेडकर वारले. संगीतकार चंद्रहास रेग्यांच्या नावावर गाजलेल्या चाली तीस वर्षं खेडकरच बांधत होते. सगळ्या वादकांना हे ठाऊक होतं, पण काम जाईल म्हणून कुणी बोलत नसे.

शोकसभेत चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा संगीतकार कोण, असा वाद निघाला. रेगे म्हणाले, "पहिल्या तिघांत मी आहेच. दामूचं भाग्य, त्याला माझी पेटी उचलायला मिळाली."

वादकांनी माना खाली घातल्या. खेडकरांच्या पत्नी मनोरमाबाई उठल्या. "खरं आहे, साहेब. म्हणूनच तर एवढी माणसं जमलीत. त्या तिघांतला एक परवा गेला."

रेगे निघाले, तेव्हा त्यांना मोटारीपर्यंत सोडायला एकही वादक उठला नाही.