सिरोटोनिनचा निरोप

एका अंगठ्यात एक रक्तवाहिनी होती. अंगठा हेमलताबाईंचा. विळीकडे न बघता आपल्याला कैरी चिरता येते, असा त्यांचा समज होता. चाळिशीत असे समज होतात, मला विचारा.

त्या रक्तवाहिनीत दोघं राहायची. आतल्या बाजूला पातळसं अस्तर. त्यांना सगळे अस्तरकाकू म्हणत. आणि त्यांच्याभोवती वेढा घालून बसलेला स्नायू. तो सैल सुटला की वाट रुंद व्हायची, आवळला की अरुंद. त्याला आपल्या सैलपणाचा फार अभिमान. "माझ्या दारात रक्त कधी अडलं नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

रक्तातून चपट्या प्लेटलेटी ये-जा करायच्या. त्यांच्या गाठोड्यात सिरोटोनिन नावाचा निरोप्या असायचा. अधूनमधून तो थोडासा बाहेर पडायचा आणि काकूंना हाक मारायचा. काकू लगेच स्नायूला सांगायच्या, "सैल सोड रे बाबा, जाऊ दे रक्ताला." स्नायूने सिरोटोनिनला कधी पाहिलं नव्हतं. पण तो आला की सैल सोडायचं, एवढं त्याने पक्कं धरलं होतं.

एका दुपारी बाई कैरी चिरता चिरता जावेला फोनवर लोणच्याची कृती सांगत होत्या. मोहरी किती घ्यायची, इथपर्यंत आल्या आणि विळी अंगठ्यात शिरली. काकू फाटल्या. रक्त भळाभळा वाहायला लागलं. प्लेटलेटी धावत आल्या, त्यांनी गाठोडी सोडली. आता मध्ये काकू नव्हत्या. सिरोटोनिन थेट स्नायूपुढे येऊन उभा राहिला.

"आवळ!"

"तुम्ही कोण?"

"सिरोटोनिन."

"काहीतरीच! सिरोटोनिन सैल सोडायला सांगतो."

"ते काकू सांगायच्या. तू आणि मी आज पहिल्यांदा भेटतोय. आवळ!"

स्नायू अडून बसला. "तिकडे नखाखाली पेशी जेवायला बसल्यात. मी आवळलो तर त्यांच्या ताटात काय पडणार?"

"आणि सैल राहिलास तर काय पडणार? सगळं कैरीवर सांडतंय, भल्या माणसा!"

स्नायूने खाली पाहिलं. कैरीच्या फोडी लाल झाल्या होत्या. इतक्या वर्षांचा मोठेपणा गिळून तो घट्ट आवळला. धार बारीक झाली, मग थेंबांवर आली. प्लेटलेटी एकमेकींना चिकटून भगदाडात बसल्या. रक्त थांबलं. नखाखालच्या पेशींना शेजारच्या वाहिन्यांनी चार घास पाठवले. कुणी उपाशी राहिलं नाही.

काही दिवसांनी काकू पुन्हा सांधल्या गेल्या. सिरोटोनिनने हाक मारली आणि काकू नेहमीसारखं म्हणाल्या, "सैल सोड रे बाबा." स्नायूने सोडलं, पण खालमानेनं.

"काकू, त्या दिवशी मी फार कंजूषपणा केला का हो?"

"अरे वेड्या, तेव्हा आवळला नसतास, तर आज तू सैल सोडल्यावर वाहायला काय उरलं असतं?"

बाई मात्र अजूनही विळीकडे बघत नाहीत.

तात्पर्य: सगळ्यांसाठी वाट मोकळी ठेवणं चांगलंच, पण जखम झाली असताना तीच वाट आवळून धरणं हा कोतेपणा नव्हे, तीही मायाच.