उजेडाचा थर

एका राज्यात, समुद्राने वेढलेल्या बेटावर, संतांच्या तसबिरी रंगवणारं एक ग्रीक घराणं नांदत होतं. थोरला मुलगा तसबिरीची लाकडी फळी घासायचा, धाकटा सोन्याचा वर्ख लावायचा, लेक कालियोपी वस्त्रं रंगवायची. चेहरा मात्र बाप मानूसोसचा! त्याला कुंचला लावायची दुसऱ्या कुणाची प्राज्ञा नव्हती.

एके दिवशी बुरखा पांघरलेला मांत्रिक दारी आला. म्हणाला, "चित्रकारा, माझा चेहरा रंगव."

"आम्ही फक्त संतांचे रंगवतो," मानूसोस म्हणाला.

"मग या राज्यात एकही चेहरा उजळ राहणार नाही!"

आणि तसंच झालं हो! संत काळवंडले, राजा काळवंडला, पाळण्यातली लेकरं काळवंडली. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता हिरवट काळोख. वाचली एकटी कालियोपी. ती अंड्याच्या बलकात रंग खलत होती, आणि बलकापुढे मांत्रिकाची मात्रा चालत नसे.

राज्यभर आकांत उठला. कालियोपीने बापाचं तोंड निरखलं. अगं बाई, हा तर पहिला थर! त्यांच्या घरी चेहरा असाच सुरू होई. आधी हिरवट काळोख, मग त्यावर थरावर थर उजेड.

"बरोबर ओळखलंस," खिडकीतला हुदहुद पक्षी म्हणाला. "तीन चेहरे उजळ, शाप तुटेल. ज्याची भीती वाटते त्याचा, ज्याचा राग येतो त्याचा, ज्याच्यावर जीव आहे त्याचा. हात चुकला, तर तो चेहरा कायमचा गेला."

ती राजाकडे गेली. राजाची तिला फार भीती वाटे, पण हात स्थिर ठेवून तिने त्याच्या चेहऱ्यावर उजेड चढवला. राजाने डोळे उघडले.

मग ती मांत्रिकाच्या गुहेत शिरली.

"मारायला आलीस?"

"बसा. हलू नका."

बुरख्याखाली जन्मापासूनचा काळोख होता. कालियोपीने रागाने दात आवळले होते, तरी तिने त्याच्या कपाळावर उजेड ठेवला, गालांवर ठेवला, डोळ्यांत पांढरे ठिपके ठेवले. मांत्रिकाने गुहेतल्या पाण्यात वाकून पाहिलं आणि तो ढसाढसा रडला. त्या आसवांबरोबर त्याची सगळी विद्या वाहून गेली.

राहिला बाप.

"चेहऱ्याला हात लावू नकोस. घराची रीत आहे."

"रीत सांभाळायलाही डोळे लागतात, बाबा."

म्हाताऱ्याने मान वर केली. आता मात्र हात चुकला तर बापाचाच चेहरा जाणार होता! तिने श्वास रोखला, मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि रंगवत राहिली. शेवटचा ठिपका पडला मात्र, राज्यभर चेहरे उजळले. तसबिरींतल्या संतांनी डोळे उघडले, पाळण्यातली पोरं आयांकडे बघून हसली. काय तो उजेड, काय सांगू!

मानूसोसने पाण्याच्या परातीत स्वतःला न्याहाळलं.

"नाक लांब केलंस."

"आहे तेवढंच केलंय, बाबा."

म्हातारा उठला. आपला बारीक कुंचला त्याने लेकीच्या हातात दिला, आणि स्वतः वस्त्रं रंगवायला बसला.